पहिल्यांदाच सॉनात बसले आणि चक्कर आली; लेकीकडे जायच्या आधी नीट शिकायचंय

दांडियाबाजारवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

माझं वय ५९. माहेर-सासर दोन्ही बडोद्यातच. दांडिया बाजारातल्या वाड्यात निम्मं आयुष्य गेलं, आता आम्ही दोघं कारेलीबागेत फ्लॅटमध्ये राहतो. लेक तीन वर्षांपासून फिनलंडला ताम्पेरे गावी आहे. येत्या ऑगस्टमध्ये तिच्याकडे सहा आठवडे जायचं ठरलंय. तिच्या बिल्डिंगमध्ये खाली सगळ्यांचा मिळून एक सॉना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, आहे आणि प्रत्येक घराला आठवड्यातली एक वेळ ठरवून दिलेली असते. हिची गुरुवारी संध्याकाळी सात ते आठ. शेजारी एक ७६ वर्षांच्या आजी राहतात, त्या भेटतील तेव्हा विचारतात, तुझी आई कधी येणार? आली की आपण तिघी मिळून बसू. लेक म्हणाली, "आई, इथे सॉनाला बोलावणं म्हणजे आपल्याकडे घरी जेवायला बोलावण्यासारखं आहे. नाही म्हणू नकोस."

मलाही नाही म्हणायचं नाहीये. म्हणून विचार केला, इथेच थोडी सवय करून जावं. सूनबाई अलकापुरीकडच्या एका हेल्थ क्लबात जाते, तिथे सॉना आहे. तिने माझ्यासाठी पाहुण्यांचा पास काढला आणि मागच्या बुधवारी मी गेले.

लहानशा न्हाणीघराएवढी लाकडी खोली. आत पायऱ्यांसारखी दोन फळ्यांची बाकं, एक खाली, एक वर. कोपऱ्यात लोखंडी पेटी, तिच्यावर मुठीएवढे काळे दगड रचलेले. भिंतीवर वाळूचं घड्याळ, आणि उष्णतामापकाचा काटा ८५ वर. तिथल्या मुलीने दार उघडून दिलं, "पंदर मिनिट बेसजो, मासी" म्हणाली आणि गेली. आत दोन मुली वरच्या बाकावर बसल्या होत्या, म्हणून मीही वरच बसले.

पहिली चार-पाच मिनिटं खरंच छान वाटलं. हातावर राईएवढे घामाचे थेंब उभे राहिले आणि मग एकमेकांत मिसळून ओघळायला लागले, ते मी बघत बसले होते. त्यानंतर मंगळसूत्राच्या वाट्या छातीला टेकल्या त्या चटका देऊनच. तिथे तुरीच्या दाण्याएवढा लाल डाग आहे, अजून गेलेला नाही. हातातल्या पाटल्याही तापल्या. नाकाने श्वास घेतला की आतून जळजळायचं. सकाळी डोक्याला तेल लावलं होतं, ते घामाबरोबर डोळ्यांत उतरलं. तरी पंधरा मिनिटं सांगितलीत तर पूर्ण करावीत म्हणून बसून राहिले. वाळू थोडीच उरली होती तेव्हा अगदीच राहवेना, ताडकन उठले, दार ढकलून बाहेर आले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आतल्या दोघींपैकी एक धावत आली, तिने मला जमिनीवर आडवं केलं आणि पाय बाकावर ठेवले. लिंबूपाणी दिलं. अर्ध्या तासाने बरी झाले.

हेही सांगायला हवं की त्या दिवशी संकष्टी होती. सकाळपासून चहा आणि मूठभर शेंगदाणे, एवढंच पोटात. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी असते, ती घेतली होती.

क्लबाचं नाव लिहीत नाही, माझ्या मनात तक्रार नाही. पण कुणीतरी दोन वाक्यं आधी सांगायला हवी होती असं फार वाटलं. आमचे हे म्हणतात, सोड आता तो नाद. मला सोडायचा नाहीये. लेकीच्या शेजारणीसमोर मला घाबरत-घाबरत बसायचं नाही. तर जाणकारांनी सांगा: किती वेळ बसायचं, कपड्यांचं काय करतात, मंगळसूत्र काढायचंच का, रक्तदाब असलेल्या बाईने बसावं की नाही? आणि स्टीम बाथ आणि सॉना एकच का वेगळे?

मांजलपूरचा कागदवाला

काकू, तुमचं वाचून राहवलं नाही. कागदाच्या मशिनच्या कामासाठी मी दोन वर्षं ताम्पेरेलाच होतो. ते गाव स्वतःला जगातल्या सॉनांची राजधानी म्हणवतं. एका बाजूला न्यासियार्वी तळं, दुसऱ्या बाजूला प्युहायार्वी, मध्ये गाव. तिथल्या पिस्पाला भागात १९०६ साली सुरू झालेला सार्वजनिक सॉना आजही लाकडं जाळून तापवतात. लेकीला सांगा, एकदा दाखव म्हणून. तिथे बायकांची बाजू वेगळी आहे, संकोच नको.

आधी उच्चार. आपण सॉना म्हणतो, ते साउना म्हणतात. त्या आजींना 'साउना' म्हणून दाखवा, त्यांचा चेहरा बघा कसा खुलतो.

आता वेळेचं. काकू, तिथे मला कुणी कधी पंधरा मिनिटं सांगितली नाहीत. माझ्या फोरमनने पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं की बाहेर जावंसं वाटलं की बाहेर जायचं, कुणाची परवानगी नाही, कुणाला कारण नाही. पाच मिनिटांत उठणारा माणूस तिथे कच्चा ठरत नाही. जास्त वेळ बसून दाखवण्याचा खेळ तिथेही झाला होता. हेइनोला गावात १९९९ पासून त्याच्या जागतिक स्पर्धा भरायच्या. २०१० मध्ये ११० अंशांच्या खोलीत अंतिम फेरीतला एक स्पर्धक दगावला आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली. त्या वाळूच्या घड्याळाकडे तुम्ही परत बघूच नका असं मी म्हणेन.

वर बसलात ती दुसरी चूक, पण ती तुमची नाही, सांगणाऱ्याची. गरम हवा वर चढते. खालच्या आणि वरच्या बाकात इतका फरक असतो की खोली बदलल्यासारखं वाटावं. नव्या माणसाने खाली बसायचं. अनेक घरांत म्हातारी माणसं आणि मुलंही खालीच बसतात.

कपड्यांचं स्पष्टच सांगतो. बायका बायकांबरोबर, पुरुष पुरुषांबरोबर, किंवा घरचे घरचे, आणि असे बसतात तेव्हा अंगावर काही नसतं. त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही, कुणी कुणाकडे बघतही नाही. आत जाण्याआधी अंघोळ करायची, हा मात्र कडक नियम. आणि बुडाखाली आपला टॉवेल किंवा छोटं फडकं हवंच, उघड्या फळीवर बसायचं नाही. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मोठा सुती टॉवेल गुंडाळून बसा. आजींना लेकीकडून आधी सांगून ठेवा की आमच्याकडे अशी पद्धत नाही, आई टॉवेल गुंडाळेल. त्यांना अजिबात राग येणार नाही. फक्त पोहण्याच्या तलावाच्या सॉनात जाल तर पोहण्याचे कपडे घालून आत बसू देत नाहीत, ते लक्षात ठेवा.

दगडांवर पाणी ओतलं की जी वाफ उठते तिला ते 'ल्योयल्यु' म्हणतात, आणि त्यांच्या लेखी सॉना म्हणजे तीच. लाकडी बादली, लांब दांड्याची पळी. ओतायच्या आधी बाकीच्यांना विचारायचं, ओतू का? उन्हाळ्यात बर्च झाडाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी करतात, तिला त्या भागात 'विह्ता' म्हणतात. ती पाण्यात भिजवून खांद्यावर, पाठीवर हलके झोडतात. मारल्यासारखं दिसतं, पण लागत नाही, आणि वास इतका सुंदर येतो की मला अजून आठवतो, पहिल्या पावसानंतर कमाटीबागेत येतो तसा ओल्या पानांचा.

आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. पूर्वी तिथल्या खेड्यांत बाळंतपणं सॉनातच व्हायची. घरातली सगळ्यात स्वच्छ, उबदार जागा तीच, आणि गरम पाणी हाताशी. गेलेल्या माणसाला शेवटची अंघोळही तिथेच घालायचे. म्हणून आत कुणी आवाज चढवत नाही, भांडत नाही. आपल्याकडे देवघरात जसं वागतो तसं वागतात. २०२० साली युनेस्कोने फिनलंडच्या सॉना परंपरेला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते उगीच नाही.

निवृत्त सिस्टर

ताई, ३४ वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्या अनुभवावरून लिहिते. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला हा पर्याय नाही, हे आधीच सांगते.

तुम्हाला जे झालं त्यात आश्चर्य काहीच नाही. अंग तापलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्त बाहेरच्या बाजूला येतं, दाब उतरतो. तो सांभाळायला हृदय जोरात धावतं. भरभर चालताना होतात तसे ठोके १०० च्या वर जातात, काहींचे १५० पर्यंतही. त्यात तुम्ही ताडकन उभ्या राहिलात. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. रिकामं पोट, पाणी कमी, घामाने बरंच पाणी गेलेलं, आणि वर रक्तदाबाची गोळी. इतकं सगळं एकत्र आल्यावर अंधारी येणारच. त्या मुलीने तुम्हाला आडवं करून पाय वर ठेवले, ते अगदी बरोबर केलं. तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

आता काय करायचं ते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि वेळही बदलायची नाही. डॉक्टरांकडे जा आणि त्यांना तुमच्या गोळीचं पाकीट दाखवून विचारा, ही लघवी वाढवणारी आहे का, हिच्याबरोबर सॉनात बसू का? रक्तदाब ताब्यात असलेल्या माणसाला बहुतेक वेळा मनाई नसते, पण तुमचं हृदय त्यांनी तपासलेलं आहे, मी नाही. ज्यांना अलीकडे झटका येऊन गेलाय, बसल्या जागी छातीत दुखतं, हृदयाची झडप फार अरुंद आहे, किंवा अंगात ताप आहे, त्यांनी जायचंच नाही. दारू पिऊन तर कधीच नाही. मधुमेह असेल आणि पाय बधिर असतील तर चटका कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी जपायचं, गरम अंगात ते लवकर भिनतं.

बसताना पाय खाली लोंबते सोडू नका, जमलं तर बाकावरच घ्या, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत एकसारखी उष्णता लागते. निघायच्या आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसा, बोटं हलवा, मग कशाला तरी धरून उठा. एवढं जरी केलंत तरी मागच्या वेळचं परत होणार नाही असं मला वाटतं. आणि उपासाच्या दिवशी नको. उपास देवाचा आहे, त्याला दुसऱ्या दिवशीचा सॉना चालेल.

फायद्याचं विचाराल तर एक मोठा अभ्यास आहे. पूर्व फिनलंडमधल्या ४२ ते ६० वयाच्या २,३१५ पुरुषांवर सुमारे २० वर्षं लक्ष ठेवलं होतं, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा बसणाऱ्यांमध्ये अचानक हृदय बंद पडून होणारे मृत्यू, एकदाच बसणाऱ्यांपेक्षा कमी होते. पण ते सगळे पुरुष, सगळे लहानपणापासून सवयीचे, आणि जो आजारी असतो तो मुळातच कमी बसतो. त्यामुळे हे वाचून कुणी औषध समजून बसू नये. वजन उतरतं म्हणतात तेही खरं नाही, काटा खाली येतो तो पाण्याचा, दोन पेले प्यायलात की परत वर.

गोत्रीकर

मला मनापासून एक विचारायचंय. आपल्या बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. माझ्या वडिलांना एकदा भरदुपारी स्कूटरवरून येताना ऊन लागलं होतं, तीन दिवस दवाखान्यात होते. मग ८५ अंशांच्या खोलीत माणूस बसतो तरी कसा? भाजत कसं नाही? मला या सगळ्याची भीतीच वाटते.

पॉलिटेक्निकचे सर

गोत्रीकर, प्रश्न अगदी योग्य आहे, आणि काकूंच्या स्टीमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

दिवाळीत आपण पत्र्याच्या ताटांत नानकटाई थापून बेकरीत भाजायला द्यायचो, आठवतं? भट्टीवाला आत हात घालून ताट सरकवायचा, त्याचा हात भाजायचा नाही. ताटाला मात्र फडक्याशिवाय हात लावायचा नाही. आतली हवा आणि ताट दोन्ही तेवढेच तापलेले. पण हवेत उष्णता साठते थोडी आणि ती अंगाला देतेही हळूहळू. धातू क्षणात देतो. लाकूड हवेसारखंच कंजूष, म्हणून बाकं लाकडाची आणि खिळे आत दडवलेले. काकू, तुमची फळी आणि तुमच्या वाट्या एकाच खोलीत होत्या, चटका वाट्यांनीच दिला तो यामुळे. मंगळसूत्र, पाटल्या, कानातलं, धातूच्या काड्यांचा चष्मा, सगळं बाहेर ठेवायचं.

दुसरी गोष्ट घामाची. सॉनाची हवा कोरडी असते, घाम आला की वाळतो, वाळताना कातडी गार करतो. स्टीमच्या खोलीत तापमान जेमतेम ४०-५० अंश, पण हवा वाफेने भरलेली. घाम वाळतच नाही, उलट वाफच अंगावर पाणी होऊन बसते आणि स्वतःची उष्णता तुम्हाला देऊन जाते. म्हणून ४५ ची स्टीम ८५ च्या सॉनाइतकीच जड जाते. दगडांवर पळीभर पाणी ओतलं की उष्णतामापकाचा काटा फारसा हलत नाही, पण अंगावर लाट आल्यासारखी वाटते, तीही याच कारणाने.

हे पाणी ओतण्याचं मात्र विचारल्याशिवाय करू नका. विजेची शेगडी त्यासाठी बनवलेली आहे का, हे तिथल्या माणसाला विचारा. सगळ्या शेगड्यांना पाणी चालत नाही.

आणि गोत्रीकर, तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. रणरणत्या दुपारी रस्त्यावर माणसाला दार उघडून बाहेर जाता येत नाही, गार व्हायला जागा नसते. शिवाय तिथे तो तास-दोन तास असतो, इथे पाच-दहा मिनिटं. तरी उन्हातून आल्या आल्या सॉनात शिरणं चूकच. इथे उन्हाळ्यात जायचं तर सकाळी जावं.

वैद्यकीचा विद्यार्थी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय स्वेदावर आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे १३ प्रकार दिलेत. त्यातला 'जेन्ताक' वाचताना मला नेहमी सॉना दिसतो. तळ्याकाठी खोली बांधायची, भिंतीलगत चहूबाजूंनी हातभर उंचीचा ओटा, मधोमध मातीची छिद्रांची भट्टी, तिच्यात खैरासारखी लाकडं. धूर निघून गेला की मग माणसाला आत न्यायचं.

इथे सांगण्यासारखं हे की त्याला आत पाठवताना ताकीद दिली आहे: मूर्च्छा आल्यासारखं झालं तरी ओटा सोडू नकोस, ओटा सुटला तर दार सापडणार नाही, ओट्याच्या आधाराने दारापर्यंत ये. आणि बाहेर आल्यावर लगेच गार पाण्यात शिरू नकोस, एक मुहूर्त, म्हणजे सुमारे पाऊण तास, थांब, शीण उतरू दे, मग कोमट पाण्याने अंघोळ कर. मावशी, सिस्टरताईंनी जे सांगितलं त्याच्याशी हे किती जुळतं बघा. फरक एकच, तिथे आधी अंगाला तेल लावायला सांगितलंय. आजच्या सॉनात तेल नको, फळ्यांना मुरतं आणि तुमच्या डोळ्यांत गेलं तसं इतरांच्याही जातं.

दांडियाबाजारवाली

मंडळी, दहा दिवसांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ईसीजी काढला, गोळीचं पाकीट बघितलं, आणि म्हणाले, "जा, पण थोडा वेळ, आणि एकट्या नको." म्हणून हे बरोबर आले. आत पुरुषांना परवानगी नव्हती, तर बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले. जाताना माझं मंगळसूत्र आणि पाटल्या त्यांनी रुमालात बांधून खिशात ठेवल्या. इतक्या वर्षांत मंगळसूत्र गळ्यातून काढलं ते दोनदा, दोन्ही वेळा ऑपरेशनला. काढताना थोडं जड गेलं, खोटं कशाला सांगू. पण ते त्यांच्याच खिशात होतं, त्यामुळे मनाला बरं वाटलं.

सकाळी नऊची वेळ. न्याहारीला उपमा खाल्लेला, वर पेलाभर ताक मीठ घालून. केस आदल्या दिवशी धुतलेले, तेल नाही. अंघोळ करून जुना मऊ पंचा अंगाला गुंडाळला, दुसरा ओला करून डोक्याला बांधला, तिसरा फळीवर अंथरला. खालच्या बाकावर पाय वर घेऊन, भिंतीला टेकून बसले. ओल्या पंचाचं टोक नाकावर धरलं की जळजळ होत नाही, हे मला आपोआप सापडलं, नवीन येणाऱ्यांनी लक्षात ठेवा. घड्याळाकडे पाठ होती.

आणि खरंच वेगळं होतं. मागच्या वेळी मी उष्णता सहन करत होते. या वेळी ती आधी खांद्यांवर आली, मग पाठीच्या कण्यातून खाली उतरत गेली. माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला आहे, तो कुठेतरी आतून सैल झाल्यासारखा वाटला. त्याच वेळी मला लेकीच्या वेळचं माझं बाळंतपण आठवलं. डिसेंबर महिना, वाड्यातली मागची खोली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, सासूबाई मधूनमधून ओवा-शेपा टाकायच्या. पाठीला अगदी हाच शेक. चाळीस दिवस त्या बाजेवर मी आणि ही पोर. कागदवाले भाऊ, तुम्ही लिहिलेलं ते बाळंतपणाचं वाचलं होतं म्हणून आठवलं असेल, पण आत बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले. घामात कुणाला कळलं नाही.

बाहेर यावंसं वाटलं तेव्हा सिस्टरताईंनी सांगितल्याप्रमाणे पाय खाली सोडून बसले, बोटं हलवली, दाराची मूठ धरून उठले. काही झालं नाही. यांनी घड्याळ लावलं होतं, सहा मिनिटं झाली होती. कोमट पाणी अंगावर घेतलं आणि पंचा गुंडाळून बदलायच्या खोलीतल्या बाकावर वीस मिनिटं नुसती बसून राहिले. ते बसणं मला सगळ्यात आवडलं. हातातून वाफा निघाव्यात तसं वाटत होतं, डोकं शांत, कुणाचा विचार नाही. घरी असं बसायला कधी मिळतं? मग परत एकदा आत, या वेळी आठ मिनिटं.

दुसऱ्या वेळी तिथल्या मुलीला विचारलं, पाणी ओतायचं चालतं का? ती म्हणाली, चालतं, पण एकच पळी. ओतलं. तव्यावर पाण्याचे थेंब टाकल्यावर येतो तसा चर्र आवाज, मग एक क्षण काहीच नाही, आणि मग कानांच्या पाळ्यांवर आणि ओठांवर पहिल्यांदा गरम लाट आली. सर, तुम्ही म्हणालात तेच. काट्याकडे बघितलं, तो जागचा हललाही नव्हता.

त्या मुलीशी नंतर बोलले. मला आडवं केलं होतं ती पोरगीही भेटली, सिस्टरताईंची शाबासकी तिला पोचवली. काउंटरवाल्या मुलीला म्हटलं, तू सगळ्यांना पंधरा मिनिटं सांगू नकोस, दागिने काढा, खाली बसा आणि वाटेल तेव्हा उठा, एवढं सांग. तिने मनावर घेतलं. परवा सूनबाई सांगत होती, आता दारावर गुजरातीत कागद चिकटवलाय.

आता शेवटचं. लेकीने नंतरच्या गुरुवारी त्या आजींशी व्हिडिओवर बोलणं करून दिलं. मी "साउना" म्हटलं, आणि त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले. टॉवेलचं लेकीने आधीच सांगितलं होतं, त्या म्हणाल्या, तुझ्या मनाला येईल तसं बस. त्यांच्यासाठी इथून काय न्यावं? साडी, शाल डोक्यात आलं, पण त्या खोलीशी जुळणारं काहीतरी द्यावंसं वाटतंय.

मांजलपूरचा कागदवाला

काकू, वाचून फार आनंद झाला.

शाल तिथे भरपूर मिळते. सॉनानंतर तिकडे सगळे मिळून काहीतरी खारट खातात, घामाने मीठ गेलेलं असतं ना. ते सॉसेज भाजतात, ते तुम्हाला चालणार नाही. तुम्ही आपला लिलो चेवडो न्या, बंद पाकिटातला, दोन-तीन पाकिटं. मी माझ्या फोरमनला दिला होता, गार होत पायरीवर बसून त्याने अख्खं पाकीट संपवलं आणि जाताना नाव कागदावर लिहून घेतलं. आणि तुमच्या त्या मऊ सुती पंचांमधला एक नवा आणून त्यांना द्या, फळीवर अंथरायला. दर गुरुवारी वापरतील.

दांडियाबाजारवाली

पंचा! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच खंडेराव मार्केटकडे जाते, चार घेते, दोन त्यांना, दोन लेकीला. नवे कडक असतात, निघायच्या आधी चार-पाचदा धुऊन मऊ करून ठेवीन.